तो थ्रो कोणाचा होता?

आज दुपारी एकच क्लिप चार वेळा मागे नेऊन पाहिली. सिडनी, 2003, रग्बी वर्ल्डकपची फायनल. एक्स्ट्रा टाइमची शेवटची काही सेकंदं, आणि इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनने उजव्या, म्हणजे त्याच्या कमी सरावाच्या पायाने मारलेला तो ड्रॉप गोल (हातातला बॉल जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक). इंग्लंड 20, ऑस्ट्रेलिया 17.

मी मात्र थांबत होते त्याच्या जरा आधी. लाइनआउटला, म्हणजे बाहेर गेलेला बॉल दोन्ही संघांच्या रांगांमध्ये परत फेकतात तिथे. बाहेर उभा असलेला एक दांडगा गडी दोन्ही हातांनी बॉल डोक्यामागे नेतो आणि लांबवर, रांगेच्या अगदी शेवटी टाकतो. तो चुकला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

तो स्टीव्ह थॉम्पसन. इंग्लंडचा हूकर, म्हणजे लाइनआउटला बॉल फेकणारा. मानेच्या दुखापतीने 2007 मध्ये निवृत्त झाला, परत आला, 2011 मध्ये पुन्हा मानेनेच थांबवलं. 2020 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने जाहीर सांगितलं की डिमेन्शिया झालाय आणि तो वर्ल्डकप जिंकल्याचं काहीच आठवत नाही. मॅच पाहताना पडद्यावर स्वतः दिसतो, पण आपण तिथे होतो असं वाटत नाही.

डोक्याला बसणारे मोठे मार सगळ्यांना दिसतात. आजाराचं कारण सांगताना त्याचा रोख सरावावर जास्त होता: स्क्रमच्या (खांदे भिडवून समोरच्या संघाला रेटण्याच्या) सरावाच्या मशीनवर तेच तेच धडकणं, डोळ्यांसमोर तारे चमकले तरी पुन्हा उभं राहणं. (तेव्हा यालाच आपण ‘जिगर’ म्हणायचो.)

लेक शेजारी बसली होती. म्हणाली, ‘‘मग आई, ती मॅच आता आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त आठवते?’’

मी क्लिप बंद केली. काय सांगणार होते तिला?