दृष्ट काढायची की दवाखान्यात न्यायचं?

"ताई, पोर दुपारपासनं किरकिर करतंय, अंगावर पीत न्हाई. दिष्ट काढू का दवाखान्यात आणू?" सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, तेव्हा हा प्रश्न रोजचाच होता. निवृत्त झाले तरी तो सुटलेला नाही. आता पुण्याहून, दुबईहून भाचीसुनांचे फोन येतात आणि शब्द तेवढे बदलतात: "सासूबाई म्हणतात दृष्ट काढ. काढू का मावशी? त्यानं काही होतं का?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

काढा. हे मी सासूबाईंचं मन राखायला म्हणत नाही. दिवेलागणीला बाळाला मांडीवर घेऊन बसायचं. दुसरीनं मुठीत खडे मीठ, मोहऱ्या, दोन-तीन सुक्या मिरच्या घ्यायच्या. कुठे तीन वाटांची माती घेतात, कुठे केरसुणीचे चार हीर. डोक्यापासून पायापर्यंत ओवाळत पुटपुटायचं: आल्यागेल्याची, वाटसराची, घरच्याची, दारच्याची, कुणाची दृष्ट लागली असेल ती जळून जावो. मग सगळं चुलीत टाकायचं, हातपाय धुवायचे. मीठ तडतडतं, कारण खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन खडा फुटतो. मोहरीचंही तसंच. मिरचीचा ठसका लागला नाही तर म्हणतात, "बघ, केवढी दृष्ट होती!" मिरची भडकून जळाली तर ठसका कमी लागतो, नुसती करपली तर घरभर खोकतात. त्यात दृष्टीचा संबंध नाही.

पण त्या चार मिनिटांत काय घडतं तेही मी पुष्कळ घरांत पाहिलंय. दिवसभर कामाला जुंपलेली बाळंतीण पहिल्यांदा स्वस्थ बसते. दोघीजणी बाळाकडे एकटक बघतात. श्वास भरभर चाललाय, टाळू खोल गेलीय, हे कितीतरी वेळा ओवाळणाऱ्या आजीच्याच लक्षात आलेलं आहे. म्हणून मी कधी "हे खुळ सोडा" म्हटलं नाही. सांगायची ते एवढंच, की ओवाळताना बाळाचे कपडे काढून छाती-पोट उजेडात बघा.

माझी अट दुसरीकडे आहे. कुठलाही तोडगा असो, मी दोन गोष्टी बघते. तो बाळाच्या अंगाला लागतो का? आणि तो कुणा माणसाकडे बोट दाखवतो का? दारावरचं लिंबू-मिरची, चौकटीवरची नाल, बांधकामावरची काळी बाहुली, नव्या घराला टांगलेला कोहळा यांतलं काहीच या दोहोंत बसत नाही. ज्याला बरं वाटतं त्यानं टांगावं. मनगटातले काळे मणी, कमरेचा करगोटाही चालेल, फक्त महिन्या-महिन्याला सैल करत जा. गळ्यात मात्र दोरा, ताईत, बजरबट्टू काही नको. झोपेत फास बसतो.

अंगाला लागणारे तोडगे मात्र सोडाच. काजळाची तीट गालावर, तळपायाला लावा, डोळ्यांत काजळ घालू नका. विकतच्या काजळ-सुरम्यात शिसं सापडलेलं आहे, आणि काजळ भरणारं बोट डोळ्यात जंतू नेतं ते वेगळंच. बिब्ब्याची फुली तर नकोच नको. बिब्बा मोठ्या माणसाच्या अंगावर उततो, तान्ह्याच्या कातडीची काय कथा. पोट फुगलं म्हणून तापलेल्या विळ्याचे चटके देतात, मेळघाटात त्याला डंबा म्हणतात. पोट का फुगलं ते तसंच राहतं, वर भाजल्याची जखम होते.

आणि नाळ. तिच्यावर शेण, राख, हळद, तेल काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. हे जरा सविस्तर सांगते, कारण सटवाईची भीती मला इथेच कळली. पाचवीला आपण पाटा-वरवंटा मांडतो, उशाशी विळा ठेवतो, कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, रात्रभर दिवा विझू देत नाही, बायका जागतात. का? सटवाई येऊन कपाळी लिहिते म्हणून. पण त्याच रात्रीची एवढी धास्ती का, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडायचा. नवजात बाळाच्या धनुर्वाताची पुस्तकातली लक्षणं अशी: पहिले दोन दिवस बाळ छान पितं, छान रडतं. तिसऱ्या दिवसापासून पुढे कधीही तोंड आवळतं, पिता येत नाही, अंग ताठ होतं, झटके येतात. बहुतेकदा हे पहिल्या पंधरवड्यात होतं. इळ्याकोयत्यानं कापलेली नाळ आणि वर शेणाची पट्टी, यातून हे जंतू आत जायचे. पाच दिवसांचं धडधाकट पोर अचानक दूध सोडायचं आणि हातचं जायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी घरोघर पाहिलेलं होतं. त्या रात्री जागण्यामागे हेच असावं असं माझं मत आहे. त्या बायकांना धोका कधी येतो ते बरोबर ठाऊक होतं, कुठून येतो ते ठाऊक नव्हतं. गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं, दवाखान्यातली बाळंतपणं आणि निर्जंतुक ब्लेड यांनी तो आजार हटवला. 2015 साली भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात दूर झाल्याचं जाहीर झालं. पाचवी मी माझ्या नातवाचीही केली, विळा उशाशी न ठेवता फळीवर ठेवला. रात्रभर जागलोही.

आता बोट दाखवणारे तोडगे. घरच्या-दारच्या सगळ्यांची दृष्ट एकत्र जाळली तर कुणाचं बिघडत नाही. पण "शेजारच्या वांझोटीनं बघितलं म्हणून", "त्या विधवेनं बाळ घेतलं होतं म्हणून" असं नाव निघालं की त्या बाईच्या वाट्याला जे येतं ते मी पाहिलेलं आहे. बारशाला बोलावणं बंद होतं, मग नळावर बोलणं बंद होतं. नंदुरबारकडे डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करून त्याला त्रास देणं गुन्हा आहे, भूत उतरवायला मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा आहे, साप किंवा कुत्रं चावलं असता दवाखान्यात जाऊ न देणं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मीठ-मोहऱ्या ओवाळण्याबद्दल त्यात काही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण "कायद्यानं दृष्ट काढायलाही बंदी केली" असं सांगणारे गावात भेटतात.

मग काढू की नेऊ? दोन महिन्यांच्या आतलं बाळ पीत नसेल, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, झटके आले, अंग तापलं किंवा गार पडलं, हालचाल मंदावली, यांतलं एक जरी दिसलं तरी आधी 102 किंवा 108 ला फोन करा. मोठ्या बाळाला जुलाब होत असतील तर ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून थोडं थोडं पाजत राहा, अंगावरचं दूध बंद करू नका. गाडी येईपर्यंत तान्ह्याला आईच्या छातीशी उघड्या अंगानं लावून वरून पांघरूण घाला. तेवढ्या वेळात आजीला दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, फक्त मिरच्या बाहेर अंगणात जाळायला सांगा.