मथुरा आणि मार्था

मे महिन्यात मल्हार चार दिवस माझ्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि वह्या जास्त होत्या. एका वहीवर लाल स्केचपेननं लिहिलं होतं, 'गुप्त ओळख'. आत पानभर दोन रकाने. डावीकडे सुपरहिरोंची नावं आणि वाढदिवस, उजवीकडे आपल्या घरातली माणसं. नाव किंवा तारीख खरोखर जुळली तरच मधे रेघ ओढायची, असा त्याचा नियम. डावी बाजू गच्च भरलेली होती. उजवीकडे फक्त 'मी', 'बाबा', 'आजोबा'.

"आत्या, घरातलं सगळं तुलाच ठाऊक असतं. सांग ना."

मी गॅस बंद करून त्याच्याशेजारी बसले. हा मुलगा अकरा वर्षांचा आहे, माझ्या भावाचा, राहतो भोपाळला, पण जन्म इंदूरचा. बारशाला त्याच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं ते मी. होळकरांच्या गावात जन्मला म्हणून मल्हार. नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो, आणि हा मान मी फार मनापासून घेतला होता. त्यामुळे नावांबद्दल कुणी काही विचारलं की मला बाकी काही सुचत नाही.

पहिली रेघ त्यानं आधीच ओढून आणली होती. त्याचा जन्म १९ फेब्रुवारीचा. आमच्याकडे त्याला सगळे 'शिवजयंतीचा' म्हणतात. डीसी कॉमिक्सनं १९७६ साली एक कॅलेंडर काढलं होतं, त्यात हिरोंचे वाढदिवस छापले होते. ब्रूस वेनचा, म्हणजे बॅटमॅनचा, १९ फेब्रुवारी. इतकी वर्षं हा मुलगा बॅटमॅनचा टी-शर्ट घालून शिवजयंतीच्या मिरवणुकीत जात होता आणि दोन्ही एकच दिवस आहेत हे त्याला माहीत नव्हतं. ती रेघ त्यानं दोनदा गिरवली होती.

दुसरी अडली होती. त्याला जुळी अक्षरं हवी होती. पीटर पार्कर, ब्रूस बॅनर, रीड रिचर्ड्स, स्टीफन स्ट्रेंज. ही सगळी नावं मार्व्हल कॉमिक्सचा लेखक स्टॅन ली याच्या काळातली. एकाच अक्षराची दोन नावं असली की लक्षात ठेवायला सोपी जातात, असं तो स्वतःच सांगायचा. तरीही एकदा तो बॅनरचं, म्हणजे हल्कचं, नाव विसरला आणि 'बॉब' लिहून बसला. वाचकांनी चूक दाखवली, तेव्हा त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असल्याचं जाहीर करून टाकलं. मल्हारला हा किस्सा पाठ आहे. त्याचं दुःख एवढंच, की शाळेत त्याचं नाव नुसतं 'मल्हार' आणि पुढे आडनाव. अक्षरं जुळत नाहीत.

मी म्हटलं, "अरे, मधलं नाव कुठे गेलं?"

इकडे मध्य प्रदेशात शाळेच्या कागदांवर बरेचदा वडिलांचं नाव मधे लिहीत नाहीत. आपण मराठी लोक लिहितो. मल्हार मिलिंद. मी वहीवर लिहून दाखवलं. त्यानं दोन क्षण पाहिलं आणि ओरडलाच, "मॅट मर्डॉक!" १९६४ साली आलेला डेअरडेव्हिल, दोन्ही म. बापाचं नाव लावलं की मुलगा सुपरहिरोंच्या यादीत बसतो. आता भोपाळला जाऊन सगळ्या वह्यांवर तीन नावं लिहिणार आहे म्हणाला.

मग आजोबा. माझे बाबा आता माझ्याकडेच असतात. रामबागेतलं घर सोडलं, त्याला सहा वर्षं झाली. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, पण कान आमच्याकडे. बाबांचं नाव प्रभाकर. इथे मल्हारजवळ एक हुकमी पान होतं, ते त्यानं मुद्दाम राखून ठेवलेलं. २००४ मध्ये स्पायडरमॅनचा भारतीय अवतार आला, मुंबईतला मुलगा. त्याचं नाव पवित्र प्रभाकर. पीटर पार्करचे दोन्ही प तसेच ठेवले. मेरी जेनची मीरा जैन झाली, मे काकूची माया आणि बेन काकांचा भीम. हे सगळं त्यानं बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी चष्मा काढला.

"पवित्र प्रभाकर काय? म्हणजे आडनाव लिहायचं राहिलंय. हा तर माझाच मुलगा."

मराठी माणूस ते नाव असंच वाचणार. बाबांनी आपल्या हातानं रेघ ओढली.

पण खरा ऐवज बाबांच्या पत्रिकेत निघाला. ती पत्रिका लांब गुंडाळीची आहे, पिवळी पडलेली, कडेला कुंकवाची बोटं. मी ती जन्मतारीख बघायला काढली. ३ ऑगस्ट १९४७, रविवार. स्वातंत्र्याला बारा दिवस होते. महिना अधिक श्रावण. आणि पाळण्यातलं नाव: पुरुषोत्तम.

मला हे माहीत होतं, पण त्या दिवसापर्यंत मी त्याच्याकडे असं पाहिलंच नव्हतं. अधिक महिना म्हणजे पुरुषोत्तम मास, म्हणून ते नाव. रोजच्या हाकेसाठी प्रभाकर, कारण जन्म रविवारचा आणि प्रभाकर म्हणजे सूर्य. मल्हारनं विचारलं, "पुरुषोत्तम म्हणजे काय?" मी सांगितलं, पुरुषांमध्ये सगळ्यात उत्तम, सगळ्यांच्या वरचा. तो हळूहळू पेन खाली ठेवत म्हणाला, "म्हणजे सुपरमॅन."

आणि सुपरमॅनला ताकद कशामुळे मिळते? आपल्या पिवळ्या सूर्यामुळे. प्रभाकरामुळे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षात असलेला माणूस इतकी वर्षं बँकेत सही करत होता, सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरून खात होता, आणि ही दोन नावं एकावर एक घालून बसला होता. मी त्यांची मुलगी. मला ते एका मुलाच्या वहीमुळे दिसलं, याचं मला अजून नवल वाटतं.

इथून आम्ही वाढदिवसांत शिरलो. सुपरमॅनचा वाढदिवस २९ फेब्रुवारी मानतात, चार वर्षांतून एकदा येणारा. बाबांचं त्याच्याही पुढचं आहे. त्यांची तिथी अधिक श्रावणातली. अधिक श्रावण २००४ साली आला होता, त्यानंतर थेट २०२३ साली. एरवी नेहमीच्या श्रावणात औक्षण करायचं. आजी दर वेळी म्हणायची, "हा आपला साधा वाढदिवस. खरा अजून यायचाय."

सुपरमॅनचं अजून एक आहे. माणसांत तो क्लार्क केंट म्हणून वावरतो, आणि त्या नावानं त्याची तारीख वेगळी, १८ जून. एका माणसाचे दोन वाढदिवस, एक त्याच्या मूळ ग्रहावरचा आणि एक घरातला. मल्हारला हे फार गूढ वाटतं. मला मुळीच वाटत नाही. माझी आई दसऱ्याला जन्मली आणि तिच्या सगळ्या कागदांवर १ जुलै आहे, कारण शाळेत नाव घालायला गेलेल्या काकांना तारीख आठवेना आणि मास्तरांनी शाळा उघडायचा दिवस लिहून टाकला. तिच्या पेन्शनपासून आधारपर्यंत सगळीकडे १ जुलै. पण पुरणपोळी दसऱ्याला. शिवाजी महाराजांची जयंती आपण तारखेनंही करतो, तिथीनंही करतो. दोन वाढदिवस असणं ही आपल्याकडे घरोघरची गोष्ट आहे. मल्हारनं माझ्या आईच्या नावासमोर क्लार्क केंट लिहिलं.

काही रेघा मी खोडायला लावल्या. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचं नाव रॉकी आहे म्हणून त्याला रॉकेटशी जोडायचं, हे चालणार नाही. नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या दिवशी माळ्यावरची भांडी काढायची होती. रामबागेतून आणलेली पितळी भांडी पोत्यात बांधून तशीच ठेवलेली. मल्हार खालून झेलत होता. त्यात एक उभा डबा निघाला, कडीचा, साधारण दोन शेर तांदूळ मावतील एवढा. काळा पडलेला. चिंच आणि मीठ घेऊन आम्ही दोघं मोरीत बसलो आणि घासायला लागलो. आधी झाकण पिवळं झालं, मग अंग. तळाजवळ बोटाला काहीतरी खडबडीत लागलं. कासारानं पोगरानं टिंबं टिंबं ठोकून घातलेलं नाव. प्रत्येक अक्षर दहा-बारा ठिपक्यांचं, शिरोरेघ थोडी वर गेलेली. मल्हार एकेक ठिपका बोटानं वाचत गेला.

"कु. म... थु... रा. देवास."

आमच्या घरात मथुरा कुणीच नाही. मी डबा तसाच ओला घेऊन बाबांकडे गेले. ते खूप वेळ ते नाव बघत राहिले.

"आईचं माहेरचं नाव. मामा मथू म्हणायचे तिला. आमच्याकडे कुणी म्हणत नसे."

माझी आजी इंदिरा. १९९८ साली गेली. मी बावीस वर्षांची होते आणि तिच्या मांडीवर वाढले होते, आणि मला तिचं हे नाव माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं, ती १९४४ साली देवासहून लग्न होऊन आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. घरात आजेसासूबाईंचं नाव मथुराबाई. एका घरात दोन मथुरा कशा चालतील? म्हणून ताटात तांदूळ पसरून माझ्या आजोबांनी अंगठीनं 'इंदिरा' लिहिलं, आणि मथुरा तिथेच संपली. वंशावळीत, रेशनकार्डावर, नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत, सगळीकडे इंदिरा. मथुरा फक्त या डब्याच्या बुडाशी उरली.

मल्हार तेव्हा काही बोलला नाही. संध्याकाळी वही घेऊन आला. त्यानं एकाखाली एक दोन शब्द लिहिले होते.

मथुरा
मार्था

"आत्या, म, थ, र. तीच तीन अक्षरं. जागा बदलल्यात फक्त."

मार्था हे सुपरमॅनला सांभाळणाऱ्या आईचं नाव. आणि बॅटमॅनच्या आईचंही. मार्था केंट आणि मार्था वेन. २०१६ च्या सिनेमात दोघांची लढाई या एका नावावर थांबते. त्या प्रसंगाची तेव्हा खूप थट्टा झाली. मला तो तेव्हाही पटला होता. आईचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर हात थांबणार नाही तर काय?

मग मी त्याला त्याच्या वहीत नसलेलं काहीतरी सांगू शकले. सुपरमॅनला 'क्लार्क' हे नाव कुठून मिळालं? मार्थाचं माहेरचं आडनाव क्लार्क. जगातला सगळ्यात प्रसिद्ध सुपरहिरो आपल्या आईच्या माहेरचं नाव पहिलं नाव म्हणून लावतो. बॅटमॅनच्या आईचं माहेर केन. त्याला घडवणाऱ्या दोघांपैकी एक बॉब केन, त्याच्या आडनावावरून. आणि त्या बॉब केनचं जन्माचं आडनाव कान होतं, तेही त्यानं बदललेलं. स्टॅन लीचा जन्म स्टॅनली लीबर म्हणून झाला, त्याचा जोडीदार चित्रकार जॅक कर्बीचा जेकब कुर्ट्झबर्ग म्हणून. मुखवट्यांच्या गोष्टी रचणारी ही माणसं स्वतःच दोन दोन नावांची होती.

आणि हे तर मला फारच लागलं. १९३९ मध्ये सुपरमॅनच्या पहिल्या अंकात त्या आईचं नाव मेरी आहे. मार्था ती नंतर झाली. तिचंही नाव बदललेलं.

"कोणी बदललं?" मल्हारनं विचारलं.

"लिहिणाऱ्यांनी."

"आणि पणजीचं?"

"तेही लिहिणाऱ्यांनीच. तांदळात."

तांदळात म्हणजे कसं, हे त्याला बघायचं होतं. माझ्या लग्नात, १९९९ साली, मी नाव बदलणार नाही म्हटलं होतं, तेव्हा ह्यांनी ताटात माझंच नाव पुन्हा लिहिलं. ते ताट मी काढलं, स्टीलचं नाही, चांदीचं छोटं. धुतलेला डबा पुसून त्यात तांदूळ भरलेच होते. त्यातले दोन मुठी पसरले. मल्हार लिहिणार होता, पण बाबा उठून आले. बोटातली अंगठी निघेना. साबण लावून काढली. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी हळूहळू लिहिलं. 'थु'चा उकार लिहिताना दाणे घरंगळून पुन्हा भरले, तो त्यांनी परत काढला. मथुरा. बाजूला त्यांनी छोट्या अक्षरांत 'आई' लिहिलं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

मल्हारनं वहीत नव्या ओळीवर नाव लिहिलं, मार्थाकडे रेघ ओढली, मग अजून एक ओढली, दुसऱ्या मार्थाकडे. वाढदिवसाचा रकाना रिकामा आहे. बाबांना तिथी माहीत नाही. देवासचे मामा गेले, पण त्यांच्या घरी जुनी पत्रिकांची पेटी आहे, असं मामेभावानं फोनवर सांगितलं. ती मी जाऊन बघणार आहे.

तांदूळ परत डब्यात ओतले आणि रात्री त्यातलाच वरणभात लावला. जेवताना मल्हारनं आईला भोपाळला फोन केला. ती उचलते न उचलते तोच विचारलं, "मम्मी, उज्जैनच्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग ती म्हणाली, "थांब, विचारून सांगते."