पिक्चर काय फोडतो?

"काकू, ब्लॉकबस्टर म्हणजे ब्लॉक फोडणारा ना? मग पिक्चर काय फोडतो?" इंदूरला रामबागेत माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी मुलं दर वर्षी हे विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुलं अडतात ती 'ब्लॉक'पाशीच. मुंबईच्या पाहुण्यांकडून त्यांनी ब्लॉक म्हणजे फ्लॅट असं ऐकलेलं असतं, आणि आमच्या मध्य प्रदेशात ब्लॉक म्हणजे विकासखंड. मग मी वहीवर दोन उभ्या, दोन आडव्या रेषा काढते आणि मधल्या चौकोनात खोडरबर ठेवते. चारी बाजूंनी रस्ते, मधे घरंच घरं, हा अमेरिकेतल्या शहराचा ब्लॉक. तो अख्खा उडवेल असा बॉम्ब, तो ब्लॉकबस्टर.

हा बॉम्ब खरोखरचा होता. 1941 पासून ब्रिटिश हवाई दल जर्मन शहरांवर 4000 पौंडी, म्हणजे सुमारे 1800 किलोचे बॉम्ब टाकू लागलं. पातळ पत्र्याचं पिंपच ते, आत ठासून दारू. धक्क्यानं आजूबाजूची कौलं, दारं, खिडक्या उडायची आणि उघड्या पडलेल्या घरांत आग लावणारे छोटे बॉम्ब पडायचे. त्याचं हे नाव वर्तमानपत्रांनी रूढ केलं. 1943 मध्ये 'बॉम्बार्डियर' या युद्धपटाच्या जाहिरातीत ते झळकलं, आणि पन्नाशीच्या दशकात भरमसाट कमावणाऱ्या कुठल्याही सिनेमाला लागू लागलं.

तिकिटाची रांग ब्लॉक ओलांडून जायची म्हणून ब्लॉकबस्टर, असंही सांगतात. रीगल टॉकीजबाहेरची गर्दी पाहिलेल्या माणसाला ते चटकन पटतं. पण ती मागाहून जुळवलेली गोष्ट आहे.

1975 च्या जूनमध्ये 'जॉज' अमेरिकेत चारशेहून जास्त थिएटरांत एकदम लागला आणि शब्द पक्का झाला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला आपल्याकडे 'शोले' आला. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. आमच्या घरी मात्र 'तुफान चालला' एवढंच म्हणत. आता वर्षाला शंभर कोटी डॉलरच्या वर खपणाऱ्या औषधालाही ब्लॉकबस्टर म्हणतात.

याच शब्दाचं एक भावंड माझ्या मनाला फार लागतं. 'ब्लॉकबस्टिंग'. अमेरिकेत दलाल गोऱ्या घरमालकांना घाबरवायचे, शेजारी काळी कुटुंबं येताहेत, लवकर विका. घरं मातीमोलानं घ्यायची आणि त्याच काळ्या कुटुंबांना चढ्या भावानं विकायची. 1968 च्या कायद्यानं त्यावर बंदी आली. हे सांगताना वर्गात कोणी बोलत नाही.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या नाटकाची पाटी रंगवताना एका मुलानं 'ब्लॉकबस्टर' लिहायला घेतलं. 'ब्लॉ' झाला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फडकं घेतलं आणि अक्षर पुसलं. मग आम्ही लिहिलं, 'तुडुंब गर्दीत तिसरा प्रयोग'.