बॅकअप स्क्रिप्ट, तिसरा आठवडा: ‘ऱ’ने काढलेला घाम

माझ्या आवाजाच्या रेकॉर्डिंगांचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट लिहितोय, आणि ती फाइलींच्या नावांवर अडखळत होती. स्पेसवाली नावं आधी मार्गी लागली. चूक माझीच, आणि सगळे करतात तीच: एलएसचं (फाइलींची यादी छापणारी कमांड) आउटपुट फॉर लूपला, म्हणजे एकेक नाव घेऊन तेच काम करणाऱ्या भागाला, दिलं होतं. अवतरणचिन्हं नसली की बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) स्पेस, टॅब, नवी ओळ दिसेल तिथे तुकडे पाडतं. ‘पावसाचा आवाज’ या एका फाइलच्या दोन झाल्या आणि दोन्ही ‘नो सच फाइल’. आता लूप थेट स्टारवर (‘*’, म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या फाइली) चालतो आणि प्रत्येक व्हेरिएबल, म्हणजे नाव धरून ठेवणारा शब्द, डबल कोट्समध्ये. डॅशने सुरू होणारं एक नाव आरएमला (फाइल पुसणारी कमांड) ऑप्शन वाटत होतं. नावाआधी डॉट-स्लॅश लावलं, विषय संपला.

सबफोल्डरसाठी फाइंड या शोधणाऱ्या कमांडचं प्रिंट-झीरो घेतलं, ते प्रत्येक नावानंतर नल (शून्य किमतीचा बाइट) छापतं. नावात स्लॅश आणि नल हे दोनच बाइट चालत नाहीत, नवी ओळसुद्धा चालते! म्हणून वेगळं करायला नलच भरवशाचा. ती नावं वाचणाऱ्या रीड कमांडला आयएफएस (कुठे तोडायचं ते सांगणारी चिन्हं) रिकामा आणि सोबत ‘आर’ ऑप्शन, नाहीतर तो बॅकस्लॅश गिळतो.

एवढं करूनही एक फाइल मार्गी लागेना. बॅकअपच्या यादीत ‘वाऱ्याचा आवाज’, डिस्कवर ‘वाऱ्याचा आवाज’, आणि स्क्रिप्ट म्हणते अशी फाइलच नाही. दोन संध्याकाळी कोट्स तपासण्यात घालवल्या. शेवटी दोन्ही नावं हेक्सडम्पमधून (प्रत्येक बाइट आकड्यात दाखवणारं साधन) काढली तेव्हा उलगडलं. यादीतला अर्धा ऱ म्हणजे ऱ आणि हलन्त, ६ बाइट. डिस्कवरचा म्हणजे साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं अक्षर, ९ बाइट. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम नुसते बाइट बघते, त्यामुळे तिच्या लेखी या दोन वेगळ्या फाइली. र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त अशी तिसरी तऱ्हाही निघाली, तीही ९ बाइटची. (आपल्याच भाषेतलं अक्षर आणि आपल्यालाच चकवा.)

युनिकोडच्या एनएफसी रूपात (जोडता येणारे तुकडे एका अक्षरात आणणारं ठरावीक रूप) आणलं की नुक्तावाला प्रकार पहिल्यासारखा होतो. झेडडब्ल्यूजेला मात्र एनएफसी हात लावत नाही. त्यासाठी सेडची (मजकुरात शोधून बदल करणारी कमांड) वेगळी ओळ लिहिली, पण ती फक्त र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे त्रिकूटच ऱ आणि हलन्तात बदलते. सरसकट काढला असता तर ‘वाऱ्या’चं ‘वार्या’ झालं असतं.

नावं बदलणारा भाग सध्या नुसतं काय करणार ते छापतो. दोन जोड्यांमधल्या फाइली बदलल्यावर एकाच नावावर येतात, म्हणून नाव बदलणाऱ्या एमव्ही कमांडला ‘एन’ लावून ठेवलाय, म्हणजे आधीची फाइल पुसली जात नाही. त्यांतली कुठली ठेवायची ते ऐकूनच ठरवेन.