आमची वाटचाल: शिडी सोडली, पिंप घेतलं

रत्नागिरी जिल्ह्यात घरांच्या आणि शेडच्या पन्हळी साफ करून देणं हा आमचा धंदा. आगोटीची कामं निघाली की एप्रिल-मेमध्ये मागणी एकदम वाढते, श्रावणात पाऊस ओसरला की दुसरी फेरी. सुरुवातीची हत्यारं म्हणजे शिडी, खुरपं आणि बादली. शिडी दर दीड मीटरला सरकवायची आणि तिचा पाय धरायला एक माणूस कायमचा गुंतलेला. शेडवर तर माणूस थेट पत्र्यावरच चढतो. जुना सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो आणि वजन पडताच फुटतो. म्हणून हे काम जमिनीवर उभं राहूनच व्हायला हवं, असं आम्ही ठरवलं आणि खालून लांब पाइपाने पाला ओढून पिंपात जमा करणारं व्हॅक्यूमचं यंत्र त्या हिशोबाने बांधलं.

दुकानात मिळणाऱ्या ओल्या-सुक्या व्हॅक्यूमला बहुधा 35-38 मिमीचा होस (लवचीक नळी) असतो. आपल्याकडे तो चालत नाही. आंब्याचं पान वीतभर लांब. ते बेंडात, म्हणजे पाइपाच्या वळणात, आडवं बसलं की मागची पानं त्यावर थापली जातात आणि बोळा तयार होतो. म्हणून आम्ही 50 मिमीच्या होसवर आलो. पण होस रुंद केला की हवेचा वेग पडतो. 1000-1200 वॅटची एक मोटर मोकळ्या तोंडाने सेकंदाला साधारण 50 लिटर हवा ओढते; 50 मिमीच्या होसात त्याचा वेग सेकंदाला 25 मीटर होतो. लांब होस, बेंड आणि आतला माल मिळून त्यातला पाव ते तिसरा हिस्सा खातात, आणि वेग 20 मीटरच्या खाली गेला की ओला पाला उभ्या पाइपात वर चढायच्या आधीच मागे गळतो. उपाय एकच: दोन मोटरी शेजारी-शेजारी, एकाच झाकणावर. अशा जोडणीत हवा वाढते, ओढीचा दाब वाढत नाही, आणि आपल्याला हवाच हवी असते.

दाबाबद्दल गिऱ्हाईकही विचारतं, म्हणून सांगतो. या मोटरींची ओढ सुमारे 2200 मिमी पाण्याच्या स्तंभाइतकी. म्हणजे निव्वळ पाणी सव्वादोन मीटरच्या वर चढणारच नाही. तरी सहा मीटर उंचीच्या पन्हळीतला चिखल खाली येतो, कारण हवा त्याला गोळ्या-गोळ्यांनी वाहून आणते. म्हणून पाइपाचं तोंड साचलेल्या पाण्यात कधी बुडवायचं नाही. पाण्याच्या कडेला तिरकं धरायचं, अर्धं पाणी, अर्धी हवा.

तोंडावर आम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहे. नियम असा: आत शिरलेली वस्तू पुढे कुठेच अडकता कामा नये, म्हणजे वाट तोंडाकडून पिंपाकडे रुंदावत गेली पाहिजे. आमचं तोंड आतून 42 मिमी, अॅल्युमिनियमचा पाइप 47, होस 50. कौलाचा तुकडा अडायचा तर तोंडाशीच अडतो. पाइप खाली घेतला, हाताने काढला, काम पुढे. पन्हळीत वळणारी वरची मान एका 90 अंशाच्या एल्बोने न करता दोन 45 अंशांचे बेंड मध्ये हातभर पाइप ठेवून जोडतो. तोंड तिरकं कापून कडा कानशीने गोल करायची, नाहीतर पीव्हीसीच्या पन्हळीला चरे पडतात. पाइपाचे तुकडे दीड-दीड मीटरचे, दीड मिमी जाडीचे. एक तुकडा किलोच्या आत बसतो. सांध्यांना ग्रीस लावू नये. त्यात लाल माती बसते आणि सांधा सुटत नाही.

पिंप 200 लिटरचं, लोखंडी, रिंगच्या झाकणाचं. निळं प्लास्टिकचं पिंप स्वस्त पडतं, पण तोंड चोंदलं की आतला दाब पडतो आणि त्याच्या बाजू आत बसतात. झाकणावरचा भार काढून बघा: 58 सेंमी व्यासावर 2200 मिमी पाणी म्हणजे साडेपाचशे किलोच्या वर. झाकणाला आतून दोन पट्ट्या वेल्ड केल्या आहेत आणि ओढ 1500 मिमी पाण्याइतकी झाली की उघडणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवला आहे. माल पिंपात बाजूने, भिंतीला घासून शिरतो; पाला आणि पाणी खाली बसतं, हवा वरून निघते. निघण्याच्या तोंडाला 6 मिमीची जाळी. पिंप तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरायचं, तेवढ्यातच ते दोघांना भारी होतं.

पिंपावर आतली ओढ सुईने दाखवणारं व्हॅक्यूम गेज जरूर बसवा. सुई चढली तर होस किंवा पाइप चोंदला. सुई पडली आणि मोटरींचा आवाजही चढला, तर जाळी पाल्याने भरली. सुई पडली पण आवाज नेहमीचा, तर झाकण किंवा सांधा हवा ओढतोय. एवढं कळलं की निम्मी खटपट वाचते.

मोटरी बायपास प्रकारच्याच घ्याव्यात. त्यांना थंड करणारी हवा वेगळी असते, ओल्या मालाची हवा वाइंडिंगवर (मोटरीतल्या तारांच्या गुंडाळीवर) जात नाही. दोन्ही मिळून साडेदहा अँपिअरच्या आसपास घेतात, म्हणून 6 अँपिअरचा सॉकेट नको. 16 अँपिअरचा पॉइंट, 2.5 चौमिमीची तीन तारांची केबल, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि प्रत्येक मोटरीला वेगळं बटण. एक पूर्ण वेगात आल्यावर दुसरी लावायची. मे महिन्यात व्होल्टेज पडलं की ओढही पडते.

अॅल्युमिनियम वीज वाहून नेतं. कार्बनचे पाइपही नेतात. घराजवळून महावितरणच्या उघड्या तारा जात असतील, तर तार पाइपाच्या पूर्ण लांबीपासून दूर आहे याची खात्री होईपर्यंत पाइप उभा करत नाही. नाहीच जमलं तर ते काम घेत नाही.

पाल्यापाल्यात फरक असतो. आंब्या-फणसाचा पाला दिसायला मोठा, पण सुटा येतो. किनाऱ्याकडच्या सुरूच्या काड्या मात्र एकमेकींत गुंतून गालिचा होतात. त्यांना आधी आकड्याने सुटं करावं लागतं. मोहोर आणि शेवाळ वाळलं की खापरासारखं चिकटतं, म्हणून सकाळी पाणी मारून अर्धा तास भिजू द्यायचं. गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं तर आधी त्याचा बंदोबस्त.

सिमेंटच्या जुन्या पत्र्याखालच्या पन्हळीतल्या गाळात अॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. आमच्या मोटरींचा झोत ते हवेत उडवेल, म्हणून तिथे हे यंत्र लावत नाही.

दर रनिंग फुटावर. पाइपाच्या टोकाला बांधलेल्या छोट्या कॅमेऱ्याने आधीचं आणि नंतरचं चित्रण मालकाला फोनवर दाखवतो. शेवटी पन्हळीच्या वरच्या टोकाला पाण्याच्या नळीने पाणी सोडून डाउनटेक पाइप (पन्हळीतलं पाणी खाली नेणारा) बघायचा. 100 चौरस मीटरच्या छपरावर तासाला 50 मिमी पाऊस पडला तर 5000 लिटर पाणी त्या पाइपातून जायचं असतं. पन्हळ चकचकीत आणि खालचा एल्बो चोंदलेला असेल, तर पाणी भिंतीतच उतरणार. मध्येच पाणी थांबलं, तर उतार गेलाय: दर 3 मीटरला 10 मिमी उतार हवा, आणि तो ब्रॅकेट सरकवूनच मिळतो. साफसफाईने नाही.