वुस्टरची ट्राम, वुस्टरचं डायनर

बॉस्टनला नातेवाइकांकडे गेलात की हार्वर्ड आणि बंदर सगळेच दाखवतात. एक दिवस मात्र मागून घ्या आणि रेड लाइन या मेट्रोने ॲशमाँट स्टेशन गाठा. तिथेच, वेगळं तिकीट न काढता, मॅटापनची केशरी ट्राम मिळते. १९४५-४६ साली बांधलेले हे पीसीसी (अमेरिकी ट्राम कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या नमुन्याचे) डबे अजून रोजच्या प्रवाशांना नेतात. गोलसर तोंड, मागे कललेली काच, टोकदार कोपरा कुठेच नाही. मार्ग जेमतेम ४ किलोमीटरचा, मध्ये चक्क दफनभूमीतून जाणारा. असा गोल आकार वारा कापायला; एवढ्याशा धावेत वाऱ्याचा अडथळा तो काय होणार! पण १९३४ मध्ये झेफर ही स्टेनलेस स्टीलची आगगाडी डेन्व्हरहून शिकागोला १३ तास ५ मिनिटांत पोचली आणि अमेरिकेला त्या रूपाची भुरळ पडली. मोटारीकडे वळलेला प्रवासी परत आणायला ट्रामवाल्यांनीही तीच गोलाई उचलली.

या ट्राम पुलमन-स्टँडर्ड या डबे बांधणाऱ्या कंपनीच्या, मॅसॅच्युसेट्समधल्याच वुस्टर शहरातल्या कारखान्यातल्या, म्हणून पुढे वुस्टरला जाच. साउथ स्टेशनवरून लोकल आहे. वुस्टर लंच कार कंपनी १९०६ ते १९५७ याच गावात डायनर, म्हणजे छोट्या खानावळी, बांधत होती. खानावळ कारखान्यात तयार करायची आणि उचलून जागेवर नेऊन ठेवायची, त्यामुळे ती डब्यासारखीच अरुंद. श्रूजबरी स्ट्रीटवरचं बुलेवार्ड (१९३६) बघा, पण वेळ द्या तो जुन्या कारखान्यासमोरच्या मिस वुस्टरला (१९४८). बाहेरच्या इनॅमल पत्र्यावरची अक्षरं जवळ जाऊन पाहा: रंगवलेली नाहीत, भट्टीत भाजून पक्की केलेली आहेत. आत काउंटरच्या स्टुलावरच बसा, समोर तवा दिसतो. शाकाहारी असाल तर आधी विचारा. बटाटे बहुधा बेकनच्याच तव्यावर परततात आणि पॅनकेकमध्ये अंडं असतं.

मला सर्वांत भावलं ते ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटचं मॉडर्न डायनर. हे स्टर्लिंग स्ट्रीमलायनर नमुन्याचं: मरून-क्रीम रंगाचं, एक टोक इंजिनासारखं निमुळतं. बांधणारी जडकिन्स कंपनी मुळात बग्ग्या आणि मोटारींच्या बॉड्या करणारी. जागचं हलणार नाही अशा खानावळीला त्या कारागिरांनी किती मायेनं वेग चढवलाय! १९७८ साली राष्ट्रीय वारसा यादीत नोंदलं गेलेलं हे पहिलं डायनर.

वुस्टर आणि पॉटकेट एकाच दिवशी कोंबू नका. दोन्हीकडच्या लोकल वेगवेगळ्या मार्गांवर आहेत आणि ही डायनर बहुतेक न्याहारी आणि दुपारच्या जेवणापुरतीच उघडी असतात. सकाळची गाडी धरा, रोख पैसे ठेवा, आणि शनिवार-रविवार टाळता आला तर काउंटरवर जागा सहज मिळते.