सर्सचा सिग्नल आज येतो, उद्या का येत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चांदीचं कोलॉइड (पाण्यात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण) तेच, रेणू तोच, लेझरही तोच. तरी सर्सचा, म्हणजे धातूच्या पृष्ठभागामुळे वाढलेल्या रामन प्रकीर्णनाचा (रेणूवरून विखुरताना रंग किंचित बदललेल्या, रेणूची ओळख सांगणाऱ्या प्रकाशाचा), सिग्नल एके दिवशी भरभरून मिळतो आणि दुसऱ्या दिवशी नावालाही नसतो. हा प्रश्न नवीन विद्यार्थी हमखास विचारतात.

बघायचं ते दोन कणांमधल्या फटीकडे. फट एक-दोन नॅनोमीटरची असली की प्रकाशाचं विद्युतक्षेत्र तिथे एकवटतं, आणि सिग्नल साधारण त्या क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढतो. क्षेत्र दहापट झालं, तर सिग्नल दहा हजारपट. म्हणून सुटे तरंगणारे कण फारसं काही देत नाहीत. ते जरासे गोळा व्हायला हवेत, पण जरासेच.

कोलॉइड ली-मायझेल पद्धतीने (१९८२) करा: ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट ५०० मिली अतिशुद्ध पाण्यात उकळायला ठेवा, १ टक्का सोडियम सायट्रेटचं १० मिली द्रावण घाला आणि तासभर ढवळत उकळा. रंग हिरवट-पिवळा, किंचित दुधाळ येतो. काचेची भांडी आधी नायट्रिक आम्लाने धुवा. चांदीसाठी अम्लराज (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण) नको. त्याने सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा थर बसतो आणि तो निघता निघत नाही. कोलॉइड बनवताना नळाच्या पाण्याचा थेंबही नको, कारण तेच, क्लोराइड.

आता खरी गोम मिठात आहे. सायट्रेटमुळे कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. मीठ हा अडसर काढतं. आधी नमुना मिसळा, त्याला कणांवर बसायला वेळ द्या, मग १ मिली मिश्रणात १ मोलार सोडियम क्लोराइड १० मायक्रोलिटर घाला. गुठळ्या त्या क्षणापासून वाढत जातात आणि शेवटी काळपट गाळ तळाशी बसतो. मीठ घातल्यावर कोणी दोन मिनिटांनी मोजतं, कोणी वीस मिनिटांनी, आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून यंत्राला दोष देतात! स्टॉपवॉच लावा, दर वेळी त्याच मिनिटाला मोजा.

रेणू पृष्ठभागाला चिकटायलाही हवा. रोडामिन ६जी हे रंगद्रव्य धन भाराचं, ते लगेच बसतं. ऋण भाराच्या डीएनएला हेच कण झिडकारतात. त्यासाठी स्पर्मिन (धन भाराचा एक छोटा रेणू) लावलेले, धन भाराचे कण घ्यावे लागतात.

रामन आलेखात १३५० आणि १५८० सेंमी⁻¹ (रेषेची जागा सांगणारं एकक) जवळ दोन रुंद, पसरट उंचवटे दिसले तर हुरळून जाऊ नका. बहुतेकदा तो जळलेला कार्बन असतो: लेझरची शक्ती कमी करा. मोजणीआधी यंत्र नीट जुळलेलं आहे ना हे कळायला सिलिकॉनची रेषा ५२०.५ वर आहे का, तेही बघून घ्या. आणि नमुना न घातलेलं कोलॉइड, तेवढंच मीठ घालून, त्याच मिनिटाला रोज मोजा. सायट्रेटच्या स्वतःच्या रेषा त्यातच ओळखू येतात.